झोळीच्या दोरीवरची मोळीवाली

मित्रांनो, मी एक जुनी मोळी आहे, असे तुम्हांस दुरून वाटेल. बोटाएवढी लांबी, बाभळीच्या सारख्या मापाच्या काड्या उभ्या रचून बांधलेल्या, आणि फांदीला उलटी टांगलेली. वाटेने जाणारा मनुष्य म्हणतो, कोणीतरी खेळता खेळता केली असेल. परंतु ती मोळी हे माझे घर आहे आणि त्या घरात मी जन्म काढला. माझी जात पतंगाची. दिव्यावर झेप घेणारे पतंग तुम्ही पाहता, त्यांच्याच कुळातली मी. मात्र मला पंख नाहीत. आमच्यात पंख फक्त नरांस असतात. मादीने घराबाहेर पडूच नये अशी आमच्या शरीराची रचना आहे. याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार करण्यास जे तोंड लागते तेही पुढे मला राहिले नाही.

किन्हीराजा या गावाच्या शिवाराला लागून बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तांड्याच्या पाणंदीवर बाभळी आहेत. त्यांतल्या एका बाभळीवर मी वाढले. तांड्यातल्या बायका मला मोळीवाली म्हणत. त्याही रानातून मोळ्या आणीत, म्हणून हे नाव त्यांना सहज सुचले असावे.

माझा जन्म आईच्या घरात झाला. आई तोपर्यंत वाळून गेली होती. तिच्या सालपटाभोवती आम्ही शेकडो भावंडे अंड्यांतून निघालो. कोणी कोणास ओळखत नव्हते. घराच्या खालच्या दारातून एकेकाने रेशमाचा तंतू सोडला, त्याला लोंबकळलो, आणि वाऱ्याने ज्याला जिकडे नेले तिकडे तो गेला. कोणी शेताच्या धुऱ्यावरच्या बोरीला लागले, कोणी नुसते मातीत पडले. मला बाभूळ मिळाली. इतकेच काय ते माझे भाग्य.

बाभळीचा पाला तुरट असतो. पहिल्या घासाला तो जिभेस झोंबतो, पुढे तीच चव अन्नाची चव होऊन बसते. परंतु खाण्यापूर्वी मी अंग झाकण्याचे काम केले. पाल्याचे कण रेशमाने जोडून एक टोपी केली आणि तीत शिरले. मी वाढले तसे घर वाढवीत गेले. आधी पाला, मग देठ, मग काड्या. काडी दातांनी तोडायची, मापून पाहायची, उभी लावायची व आतून रेशमाने शिवायची. डोके आणि पुढचे पाय तेवढे बाहेर काढून मी पाला खाई आणि घर पाठीशी ओढीत पुढच्या फांदीवर जाई. जिथे पाला संपला तिथे कोवळी साल कुरतडून भागविले. चाहूल लागली की आत शिरून दार आवळून घेई. शेळ्या बाभळीला पुढचे पाय लावून उभ्या राहत, तेव्हा फांदी हलायची आणि मी आत अंधारात थांबायची. माझ्या शेजारणीच्या घराला एका गांधीलमाशीने भोक पाडले. पुढे ते घर तसेच लोंबत राहिले. बाहेरून ते आणि माझे घर अगदी सारखे दिसे.

आता जिच्यामुळे मी ही हकीकत सांगत आहे तिच्याकडे येते, म्हणजे गोमतीबाईकडे.

गोमतीबाई ही तांड्यातल्या लालसिंगाची बायको आणि नानीबाईची सून. तिला दोन लेकरे झाली होती, एक मुलगा व त्यापाठची मुलगी. दोन्ही झोळीतच गेली, बोलायला लागण्याच्या आत. पहिल्या वेळी ती रडली असे म्हणतात. दुसऱ्या वेळी रडली नाही. त्यानंतर ती सगळी कामे करी, विचारले तर उत्तर देई, आणि कामाच्या मध्येच हात थांबवून समोर पाहत राही. मी तिला प्रथम पाहिले तेव्हा तिला तिसऱ्याचे दिवस गेले होते. सासू-सुना रानातून सरपण घेऊन आल्या आणि माझ्या बाभळीखाली मोळ्या टेकवून बसल्या.

नानीबाईने माझी फांदी खाली ओढली. तिच्या हातातल्या बांगड्या फांदीवर वाजल्या.

"पाह्य गोमती," ती म्हणाली, "कशी बांधली मोळी. येक काडी मागं-पुढं नाई. तुह्या मोळीतून तं रस्ताभर काड्या गळतेत."

"तिले कोणाचा सैपाक कराचा हाय," गोमतीबाई म्हणाली.

नानीबाई हसली. मग तिने आवाज उतरवला. "हे लेकरू झालं का हिले नेतो अन् झोळीच्या दोरीले बांधतो. माह्या माहेरी बांधत. आमी बैलं घेऊन गावोगाव फिरत होतो, तईची गोष्ट हाय. माही माय म्हणे, जे आपलं घर सोडत नाई थे झोळीले बांधलं, का लेकरूही घर सोडत नाई."

"मागच्या डावाले बांधली होती."

"थे रिकामी निंघाली. म्यां पाह्यलंच नाई. मंग उकलली तं भोक. रिकामं घर कोणाले धरून ठेवन?"

गोमतीबाई उठली. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि सासूला मोळी उचलू लागण्यास सांगितले. मित्रांनो, माझी मनुष्याच्या तोंडून झालेली स्तुती ती एवढीच. ती मी जपून ठेवली आहे, असेही नाही, परंतु आठवते.

दिवाळीच्या सुमारास मला जडपणा आला. भूक गेली. त्याच दिवसांत आपला मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, अशी चर्चा पाणंदीने जाणारे लोक करीत होते. बाभळीला त्याचे काही कळले नाही. मी वरचे दार फांदीला रेशमाने पक्के शिवून टाकले, घरातल्या घरात फिरून डोके खाली केले आणि कात टाकली. खालचे लहानसे दार तेवढे मोकळे ठेवले. त्यानंतर माझे काय होणार होते हे मला कोणी सांगितले नव्हते. डोळे होते ते गेले. पाय गेले. तोंड गेले. हे सर्व होताना दुखले काय, असे कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही. दुखण्याचीही जागा तेव्हा बदलत होती.

याच अवस्थेत एके सकाळी माझी फांदी वाकली. नानीबाई आली होती. या खेपेस तिने चूक करायची नाही असे ठरविले असावे, कारण तिने आधी शेजारणीचे घर तळहातावर घेतले आणि सोडून दिले. मग मला घेतले. तिचा हात बराच वेळ हलला नाही.

"जड हाय," ती आपल्याशीच म्हणाली. "आत हाय कोणीतरी."

विळ्याने फांदी कापून तिने मला पदरात घेतले. घरी नेऊन झोळीची जी दोरी आढ्याला बांधलेली होती तिला तांबड्या दोऱ्याने बांधले. झोळीत नुकती जन्मलेली मुलगी होती. तिचे वजन दोरीतून मला समजत असे. तेही हलकेच होते.

त्यापुढचे जे सांगते ते मी पाहिलेले नाही, दोरीच्या थरथरीतून आणि काड्यांच्या भिंतीतून मला जे जाणवले तेच सांगत आहे. घरात माणसे थोडी होती. नानीबाई सारखी फिरे. लालसिंग सकाळी दुसऱ्याच्या कापसाच्या वेचणीला जाई व संध्याकाळी येऊन उंबऱ्यावर बसे. गोमतीबाई चुलीपाशी असे. झोळीकडे येणाऱ्या पावलांत तिची पावले नसत.

मुलगी रडली की नानीबाई तिला उचलून सुनेच्या मांडीवर ठेवी. गोमतीबाई पाजी, परंतु मान दुसरीकडे करून. लेकरू पितापिता थांबले तर तिला ते कळत नसे. मग दूध कमी झाले. नानीबाई शेळीचे दूध कापसाच्या वातीने पिळू लागली. मुलीचे रडणे आधी वारंवार होते, ते उणावले. पुढे ती नुसते तोंड उघडी. झोळीचे वजन वाढावयास हवे होते, ते वाढत नव्हते. हे मला ठाऊक होते आणि नानीबाईला ठाऊक होते. गोमतीबाईलाही ठाऊक असावे. परंतु जे होणार आहे त्याची तिने आधीच सवय करून घेतली होती.

"नाव ठेवू पोट्टीचं," एकदा लालसिंग म्हणाला.

"राहू द्या."

"लोक इचारतेत."

"इचारू द्या."

नानीबाई मध्ये पडली. "तुह्या हातानं उचल तिले येकडाव. येकच डाव. मी मांगत नाई काही दुसरं."

"उचलीन," गोमतीबाई म्हणाली, आणि भाकरी थापीत राहिली.

थंडी पडली तेव्हा जवळच्या मालेगावचा गफ्फार पिंजारी तांड्यावर आला. तो दर हिवाळ्यात येई, घरोघरचा कापूस पिंजून गाद्या-रजया शिवून देई. लालसिंगाने वेचणीतून थोडा कापूस घरी आणला होता. गफ्फारने अंगणात कापूस पिंजण्याची धनुकली टांगली आणि तिच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मोगरी मारली, तशी ती घुमू लागली. ती घूम भिंतीतून, आढ्यातून, दोरीतून माझ्यापर्यंत आली. इतक्या दिवसांत मला काही जाणवले असेल तर ते.

"मावशी," गफ्फार म्हणाला, "या कापसात सरकीच जास्त हाय. जिनिंगातल्या उंदराकून आणला काय?"

"तुहा हात चालू दे. जीभ बंद ठेव."

"जीभ चालते तं हात चालते, मावशी. जीभ बंद पडली का समजून जा गफ्फार गेला." त्याने दोन-चार वेळा तात छेडली. "रजई कोणाची? लेकराची? पोट्टीचं नाव काय ठेवलं, भाभी?"

तातीचा नाद हळूहळू विरला.

मग चुलीपाशी बसलेली गोमतीबाई म्हणाली, "रजई कायले पायजे. मागच्या दोन्ही त्याईच्या संगं मातीत गेल्या."

आवाजात रडू नव्हते. बाजारात मीठ महाग झाले असे सांगावे, तसे तिने सांगितले. गफ्फार गप्प झाला. तो जिवंत असता गप्प झालेला नानीबाईने प्रथमच पाहिला असेल. थोड्या वेळाने तो कापूस सारखा करू लागला.

"मंग लेकराच्या मापाची नाई शिवत," तो म्हणाला. "बाईच्या मापाची शिवतो. लगनापर्यंत पुरंन. आतापुरती चार घड्या करून टाकजा अंगावर. मालेगावले नेऊन शिवतो, लालसिंगाच्या हाती देतो."

"टाकू," गोमतीबाई म्हणाली. त्या 'टाकू'त 'मी टाकीन' होते की 'तुम्हीच टाका' होते, याचा तिला स्वतःलाही पत्ता नसावा.

माझे बदलणे याच दिवसांत पूर्ण झाले. मी आता पूर्ण वाढलेली पतंगाची मादी होते. मित्रांनो, पूर्ण वाढ झाली म्हणजे काय झाले ते ऐका. पंख नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत, खाण्यास तोंड नाही. एका सालपटात भरलेली अंडी, एवढेच माझे शरीर. परंतु आम्हांस एक गोष्ट येते. खालच्या दारातून आम्ही एक गंध सोडतो. मनुष्यास तो येत नाही. पाणंदीवरच्या बाभळींवर जे आमचे नर घरे सोडून निघालेले असतात, त्यांस तो दुरून येतो. त्यांनाही खाण्यास तोंड नसते. एक-दोन दिवसांचे त्यांचे आयुष्य, आणि तेवढ्यात त्यांना हाच एक माग काढायचा असतो.

ती दिवेलागणीची वेळ होती. नानीबाई मागच्या दारी शेळीची धार काढीत होती. लालसिंग मालेगावाहून परतला नव्हता. गोमतीबाईने चिमणी लावली आणि ती खुंटीला अडकवण्यासाठी उठली. झोळीतली मुलगी दुपारपासून हलली नव्हती. श्वास होता, तो दोरीला जेमतेम कळत होता.

पहिला नर दाराच्या फटीतून आला. मग आणखी आले. चिमणीकडे एकही गेला नाही. मातकट रंगाची ती लहान पाखरे झोळीभोवती घिरट्या घालू लागली, झोळीच्या कापडावर बसली, उठली. त्यांतली दोन दोरीवर येऊन शेजारी शेजारी बसली.

गोमतीबाईची पावले थांबली.

ती काय समजली हे तिच्या बोलण्यावरून मला कळले. तिला वाटले, तिची दोन लेकरे आली आहेत, आणि बहिणीला न्यायला आली आहेत.

"आले तुमी," ती म्हणाली. तिने चिमणी खुंटीला अडकवली. मग त्या दोरीवरच्या दोघांशी ती बोलू लागली, घरात मोठ्या लेकरांशी बोलावे तशी. "बसा. बसले तं बसा. पण हिले नेऊ नका रे बापा. तुमी गेले, म्यां काही म्हटलं नाई. हिले राहू द्या. मी येकटी हाय दिवसभर."

तिने झोळीत हात घातला. दोरी एकाएकी हलकी झाली आणि मी जोराने हिंदकळले. मुलगी तिच्या हातात होती. तिने स्वतः तिला उचलले होते. भिंतीला टेकून ती खाली बसली, मुलीला पदराखाली घेतले, तिच्या ओठांवर बोट फिरवीत राहिली. मुलगी पीत नव्हती. गोमतीबाईने तिची टाच चोळली, कानाशी फुंकर घातली, तिचे ओठ पुन्हा छातीशी लावले. मला जे दिसत नाही ते मी सांगू नये. परंतु काही वेळाने घोटाचा आवाज आला. एक, मग थांबून दुसरा.

नानीबाई आत आली ती दुधाचे भांडे घेऊन. तिने पाखरे पाहिली, भांडे खाली ठेवले आणि केरसुणी उचलली.

"मारू नको, याडी," गोमतीबाई म्हणाली. नवरा आईस याडी म्हणे, म्हणून तीही म्हणे. "त्याईले मारू नको. माहेच हायत."

नानीबाईने केरसुणी ठेवून दिली. तिने सुनेच्या मांडीवरचे लेकरू पाहिले, आणि आणखी काही विचारले नाही. ती तिथेच जमिनीवर बसली. गोमतीबाई रडू लागली तेव्हाही सासू तिला गप्प हो म्हणाली नाही. ते रडणे मोठे नव्हते. दोन वर्षांचे तुंबलेले होते म्हणून ते लांबले एवढेच.

मित्रांनो, ती पाखरे माझ्याकडे आली होती. त्यांतला एक खालच्या दाराशी पोहोचला आणि माझे कार्य झाले. हे गोमतीबाईला सांगायला मला तोंड नव्हते. असते तरी मी सांगितले असते काय, याचा मी पुढे विचार केला. तिने केरसुणी अडवली नसती तर माझी अंडी रिकामीच राहिली असती. तिची चूक माझ्या उपयोगी पडली आणि माझे पाहुणे तिच्या. यापेक्षा अधिक मला त्यातले कळत नाही. मला आनंद झाला असेही मी म्हणणार नाही. आनंद होण्यास शरीरात जी जागा लागते तीत अंडी भरलेली होती.

सकाळी पाखरे जमिनीवर पडलेली होती. गोमतीबाईने ती वेचून पाणंदीच्या बाभळीखाली नेऊन ठेवली. त्याच दिवशी तिने मुलीला नाव दिले. तिने कोणास विचारले नाही. झोळीशी वाकून ती म्हणाली, "जमना," आणि लालसिंग उंबऱ्यावरून आत पाहू लागला.

"काय म्हणली?"

"जमना. रजई आणली का नाई?"

रजई आली होती. ती इतकी मोठी होती की चार घड्या करूनही झोळीत मावेना. नानीबाई गफ्फारच्या नावाने बडबडली. शेवटी गोमतीबाई स्वतः ती पांघरून बसू लागली, जमनेला आत घेऊन. झोळी त्या दिवसांत बहुधा रिकामीच असे. पुढे मुलगी पुन्हा झोळीत निजू लागली तेव्हा दोरी ताणली गेली. ते वजन मी रोज मोजीत नव्हते, पण ताण वाढत होता हे खरे.

मी अंडी घातली आणि आकसत गेले. उन्हे तापू लागली तेव्हा माझे सालपट तेवढे उरले होते. एके दुपारी माझ्या लेकरांनी खालच्या दारातून तंतू सोडले. रेशमाच्या धाग्याला लोंबणारे काळे ठिपके जमनेच्या तोंडावर उतरू लागले. नानीबाईने ते पाहिले.

"किडे पडले याले," ती म्हणाली. "काम झालं याचं. टाक चुलीत."

गोमतीबाईने तांबडा दोरा सोडला. तिने मला तळहातावर घेतले. आता मी जड नव्हते. ती चुलीपर्यंत गेली, थांबली, हात थोडा वरखाली करून पाहिला. मग तशीच उन्हात बाहेर निघाली, कडेवर जमना घेऊन, आणि पाणंदीच्या बाभळीला मला पूर्वीच्याच फांदीच्या उरलेल्या खुंटाशी बांधून परत गेली. माझी लेकरे वाऱ्यावर निघून गेली. कोणास बाभूळ मिळाली असेल, कोणास माती.

मी संपले आहे, मित्रांनो. आता जे बोलते ते काड्यांचे घर बोलते. शेजारणीचे घर अजून जवळच लोंबते आहे. माझी तुम्हांस एकच विनंती आहे. सरपण तोडताना, कुंपणाला काटे आणताना अशी मोळी तुमच्या हाती लागेल. ती हलणार नाही, हाक मारल्यास ओ देणार नाही, दार लावून बसलेली असेल. तिला तशीच आगीत टाकू नका. आधी तळहातावर घ्या आणि हात थोडा वेळ स्थिर ठेवा. हलकी लागली तर खुशाल चुलीत घाला. जड लागली तर जिथून घेतली तिथे परत ठेवा. आत कोणीतरी आहे.